यंत्र बिघडलेलं आहे

सोमवार

घंटी ही वस्तू वाजण्यासाठी जन्माला येते, अशी माझी आजवर भाबडी समजूत होती. आमच्या दारावर यंदा बसवलेली ही तिसरी. पहिली पुटपुटायची. दुसरीने मौनव्रत घेतलं. तिसरीच्या खोक्यावर 'घर दुमदुमवून टाकणारी' असं छापलेलं होतं. ती बसवल्या दिवसापासून थेट समाधीत गेली आहे. आज पोस्टमन दारात बराच वेळ उभा राहिला आणि 'घरी कोणी नाही' असा शेरा मारून पार्सल परत घेऊन गेला. मी घरात होतो. दाराजवळच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. माझं अस्तित्व सरकारी शाईत नाकारलं जाण्याचा हा पहिलाच प्रसंग.

दुपारी समोरच्या दारातले कवायत मास्तर आले. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून जिना उतरतात तो डावा-उजवा करत. म्हणाले, "वार्ताहर, तेवढी घंटी बदला हो. जरा डोळा लागला की दचकून उठायला होतं."

"मास्तर, जी आमच्याकडे वाजत नाही ती तुमच्याकडे कशी वाजेल?"

त्यांनी हिच्याकडे बघितलं. हिने छताकडे बघितलं. मग मास्तरांनी माझा खांदा थोपटला आणि गेले. निवृत्तीनंतर माणसं हळवी होतात, दुसरं काय.

हिला म्हटलं, उद्या त्या दुकानदाराला फैलावर घेतो. ही म्हणाली, "दुकानदाराला नको. सणानंतर डॉक्टरांची वेळ घेतलीय, तिकडे चला म्हणजे झालं." घंटी बिघडली म्हणून नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं! आमच्या हिचं तर्कशास्त्र वेगळ्या गुरुकुलातलं आहे.

उद्या मैदानावर फटाक्यांच्या आवाजाची चाचणी. सणाच्या आधी दरवर्षी मी फटाक्यांविरुद्ध एक लेख लिहितो. लोक तो वाचतात, 'छान झालाय' म्हणतात आणि त्याच कागदात फटाके गुंडाळून घरी नेतात.

मंगळवार

नियम असा आहे: नव्या फटाक्याचा आवाज मोकळ्या मैदानात, ठरलेल्या अंतरावरून यंत्राने मोजायचा. मर्यादेच्या वर गेला की बंदी. चाचणीला बाहेरचा एक साक्षीदार लागतो. यंदा तो मान माझा.

यंत्र चालवायला खात्यातल्या बाई आल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात मापनबाई म्हणतो. काटेकोर बाई. फीत टाकून अंतर मोजलं, तिपायी रोवली, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि सगळ्यांना कानात घालायला बोळे वाटले. मी हात पुढे केला नाही.

"बाई, साक्षीदारानेच कान बुजवले तर साक्ष कशाची देणार?"

"साहेब, कानाला इजा होते."

"छापखान्याच्या डोक्यावरच्या माडीत उभा जन्म गेलाय माझा. खाली यंत्रं, वर मी. हे कान मुरलेले आहेत."

यंदाचा मुख्य आरोपी 'दणका'. नळी जमिनीवर उभी करायची, वात पेटवायची; गोळा वर जातो आणि फुटतो. फटाके-विक्रेत्यांचे अध्यक्ष जातीने हजर होते. पहिला गोळा फुटला. अध्यक्षांनी कान झाकले. आमचा फोटोवाला कॅमेऱ्यासकट खाली बसला. कडेच्या झाडावरचे सगळे पक्षी उडाले. मला कोणीतरी बरीशी टाळी वाजवल्यासारखं झालं. बाईंनी यंत्रावरचा आकडा वाचून दाखवला. तो मर्यादेच्या कितीतरी वर होता. दुसरा गोळा: टाळी. तिसरा: तीही टाळीच, जरा आळसावलेली. आकडा मात्र हटायला तयार नाही. झाडावर परतलेले चुकार पक्षी पुन्हा उडाले, पण पक्षी ठिणग्यांनाही भितात.

मी म्हटलं, "बाई, तुमचं यंत्र बिघडलेलं आहे."

"नुकतंच तपासून आलंय, साहेब."

"मी इथेच उभा होतो ना? माझ्या कानांनी ऐकलं."

"ऐकणं वेगळं आणि मोजणं..."

"प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, बाई. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ येऊन हळूच काहीतरी विचारलं. हल्लीच्या अधिकाऱ्यांना तोंडातल्या तोंडात बोलायची खोडच आहे. मी मान डोलावली. मान डोलावणं हे सभ्य माणसाचं कुठेही चालणारं उत्तर. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. साक्षीच्या जागी मी 'आवाज सौम्य, यंत्र संशयास्पद' असा शेरा लिहून खाली सही ठोकली.

आमच्या गुरुजींनी पाठशाळेत शिकवलं होतं की प्रत्यक्षही फसतं, आणि त्याची कारणं घोटून घेतली होती. वस्तू फार दूर असली तर. फार जवळ असली तर. मध्ये काही आड आलं तर. मन थाऱ्यावर नसलं तर. आणखी एक होतं. घरी येईपर्यंत आठवून पाहिलं, आठवेना. असो. मैदानावर यांतलं एकही लागू नव्हतं.

बुधवार

लेख पहिल्या पानावर लागला. 'यंत्र बिघडलेलं आहे' हाच मथळा. त्यात लिहिलंय: मी फटाक्यांचा जुना वैरी; पण वैऱ्यालाही खोट्या पुराव्यावर फासावर चढवू नये. हे वाक्य माझं मलाच फार आवडलं. ही कधीच चांगली खूण नसते.

घरात नवी कटकट: दिवा. लिहायला बसलो की डोक्यावरचा दिवा दोनदा जातो, दोनदा येतो. वर पाहावं तर ही दारात उभी. "जेवायला चला." गंमत म्हणजे हा बिघाड बरोबर जेवणाच्या आणि चहाच्या वेळेला होतो. हिला म्हटलं, वायरमनला बोलाव. म्हणाली, "राहू द्या. छान चाललंय की."

असं म्हणता म्हणताच घरं जळतात.

शुक्रवार

'दणक्या'वरची बंदी स्थगित. वरून हुकूम आला की एका ज्येष्ठ पत्रकाराने शंका घेतली आहे, तेव्हा यंत्र फेरतपासणीला पाठवा, आणि अहवाल येईपर्यंत विक्रीला मोकळीक. ज्येष्ठ पत्रकार म्हणजे मी. इतकी वर्षं फटाक्यांविरुद्ध लिहिलं, तेव्हा सरकारने कूस बदलली नाही. एकदाच न्यायबुद्धीने वागलो, तर दोन दिवसांत हुकूम!

अध्यक्ष फुलांचा गुच्छ आणि दणक्यांचं खोकं घेऊन घरी आले. "साहेब, दरवर्षी जोड्याने मारलंत आम्हाला. आज कळलं, मनातून आमचेच तुम्ही."

"मी कोणाचाच नाही. मी सत्याच्या बाजूचा."

"तेच म्हणतो मी. सत्याचा माल सकाळपासून दुकानात यायला लागलाय."

खोकं त्यांच्याबरोबर परत धाडलं. गुच्छ हिने मास्तरांच्या घरी नेऊन दिला, माझ्याकडे न बघता.

कचेरीत वाचकांचे शिव्याशाप येत आहेत. 'विकला गेलात' असं एकाने लिहिलंय. पूर्वी निदान 'कंटाळवाणे आहात' असं लिहायचे.

मापनबाईंचा फोन आला. लाइन इतकी खराब की ओ की ठो कळेना. शेवटी हिने घेतला. ही बराच वेळ बोलत होती आणि मधून मधून माझ्याकडे बघत होती. काय म्हणाल्या विचारलं तर, "डॉक्टरांकडे जाऊन आलो की सांगते." सगळ्या वाटा त्या डॉक्टरकडे जाताहेत. माझा रक्तदाब तपासायचा असणार; त्यासाठी एवढा गाजावाजा मी पाहिला नव्हता.

रविवार

मुलगी सणासाठी आली, नातीला घेऊन. दात नाहीत, केस नाहीत, ठाम मतं नाहीत: इतका सुसंस्कृत माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता. आणि शांत तर किती! रात्रभर हूं नाही की चूं नाही. मी सकाळी ताजातवाना उठलो तर ही आणि मुलगी, दोघींचे डोळे सुजलेले.

"पोरगी अगदी स्थितप्रज्ञ आहे हो," मी म्हटलं.

"बाबा, तू थट्टा करतोयस ना?"

"थट्टा कसली? रात्रभर कळलंसुद्धा नाही घरात बाळ आहे म्हणून."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग आईकडे. दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याकडे तोंड करून बोलत बसल्या. हल्ली या घरात सगळे पाठमोरे बोलतात.

दुपारी गॅलरीत पेपर वाचत होतो. काचेतून पाहिलं तर नात पाळण्यात मोठी जांभई देत होती. जांभई देता देता लालभडक झाली. ही हातातलं टाकून धावत आली आणि तिला उचलून घेतलं. एका जांभईचं किती ते कौतुक!

मंगळवार

वायरमन आला, हिच्या मनाविरुद्ध. सगळं उघडून पाहिलं. "वायरिंग चोख आहे, साहेब. आता कोणी बटण दाबलं तर दिवा जाणारच ना." हे सांगताना तो हिच्याकडे बघून हसला. मग जिन्यात जाऊन मेन स्विचची पेटी उघडली आणि मास्तरांना आमच्या घराचा खटका कुठला ते दाखवत बसला. ही शेजारी उभी. मास्तरांना विजेत रस कधीपासून, देव जाणे.

सणाचा दिवस, सकाळी

इमारतींच्या मध्ये नळीचे फटाके उडवायचे नाहीत, हा नियम. खालच्या अंगणात बरोबर मधोमध दणक्याच्या नळ्या मांडून ठेवल्या आहेत. 'येथे फटाके उडवू नयेत' ही पाटीही तिथेच आहे. तिचा उपयोग नळ्या टेकवायला झालाय.

चौकीवर तक्रार द्यायला गेलो. हवालदार म्हणाला, "दणका ना, साहेब? तो तर तुम्हीच सोडवून आणलात."

परत आलो.

त्याच दिवशी, नंतर

जमेल तसं लिहितो.

संध्याकाळी मुलीच्या अंगात ताप भरला. कोपऱ्यावरचा दवाखाना उघडा होता, म्हणून ही तिला घेऊन गेली. जाताना हिने माझे दोन्ही खांदे धरून मला पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसवलं. "नजर तिच्यावर. उठायचं नाही. काहीही झालं तरी उठायचं नाही." म्हटलं, मला काय कवायत शिकवतेस? बाहेर पडल्यावर मास्तरांच्या दाराशी थांबलेली दिसली.

नात झोपली होती. संपादकांना उद्यासाठी 'यंदाचा शांत सण' असा मजकूर हवा होता. पेन आतल्या खोलीत राहिलेलं. पेन आणायला उठलो. पेन हातात आलं आणि पहिलं वाक्य सुचलं. तेवढं लिहून घ्यावं म्हणून टेकलो. वाक्याला वाक्य लागलं. मध्येच टेबल हादरून चहा बशीत सांडला. वरच्या मजल्यावर कपाट सरकवत असतील, असं वाटलं. फटाक्यांच्या दारूचा वास येत होता, पण तो आज अख्ख्या गावालाच येत होता.

मग दिवा गेला. आला. गेला. आला. थांबेचना. माझं डोकं फिरलं. 'चोख' म्हणे वायरिंग! हिला जाब विचारायला तरातरा बाहेर आलो, ही घरात नाही हे विसरून. आणि पुढच्या खोलीत धूर दिसला.

नळी कलंडली असणार. गोळा आमच्या गॅलरीत येऊन फुटला होता. दोरीवरची दुपटी पेटली होती आणि त्यांच्यावरून आग पडद्यावर चढत होती. पडद्याच्या पलीकडे पाळणा. नात जागी होती. तोंड उघडं, चेहरा लालभडक. रविवारी दिसली होती तशीच. मी तिला उचललं. तिचं एवढंसं अंग रडण्याने गदगदा हलत होतं. ते माझ्या छातीला कळत होतं. कानाला नाही.

दार उघडलं तर समोर मास्तर. एक हात मेन स्विचवर, दुसऱ्या हाताचं बोट घंटीवर, पायाशी पाण्याची बादली. मला बाजूला ढकलून ते आत घुसले आणि त्यांनी पडदा ओढून पाडला, बादली ओतली, पुन्हा नळाकडे धावले. मी नातीला धरून जिन्यात उभा होतो. खालच्या जिन्यावर माणसं जमली होती.

आग विझल्यावर मास्तर भिजलेल्या कपड्यांनिशी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, घंटी वाजत नव्हती हो."

"वार्ताहर," ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले, परेडला करतात तसा, "घंटी सगळी इमारत ऐकत होती. पोरीचं रडणं सगळी इमारत ऐकत होती. दार मोडायच्या बेतात होतो. मग वहिनींचा दिवा आठवला."

"हिचा दिवा?"

त्यांनी पुन्हा माझा खांदा थोपटला.

दोघी परत आल्या. मुलीने माझ्या हातून बाळ घेतलं आणि आत गेली. नातीला कुठे काही लागलेलं नाही. फक्त रडून रडून आवाज बसलाय, असं कळलं. ही काही बोलली नाही. किंवा बोललीही असेल.

दुसऱ्या दिवशी

मापनबाई घरी आल्या. यंत्राचा अहवाल आला आहे. यंत्र ठणठणीत आहे.

मी म्हटलं, "त्या दिवशीच मला सरळ का नाही सांगितलंत?"

बाई समोर बसल्या आणि माझ्या तोंडाकडे तोंड करून म्हणाल्या, "विचारलं होतं, साहेब. ऐकायला कमी येतं का, असं विचारलं. तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. मग लेख वाचला आणि मी चक्रावलेच. फोन केला तो त्याचसाठी."

ही सरबत घेऊन आली. तिलाही विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दुसऱ्या घंटीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज बोलते."

गुरुजींचं राहिलेलं कारण आठवलं. इंद्रियालाच इजा झाली असेल तर. पोरगेल्या वयात हे एकच कारण मला अनावश्यक वाटायचं. इंद्रिय बिघडलं तर माणसाला कळणार नाही का, असं मी भर वर्गात विचारलं होतं. गुरुजी हसले होते.

शुक्रवार

आज ते डॉक्टरांकडे जाणं झालं. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर यंत्र चढवतात आणि आवाज आला की बटण दाबा म्हणतात. मी बोट बटणावर ठेवून बसलो. पलीकडे डॉक्टर खटके फिरवत होते. काही वेळाने एक बारीक घुमल्यासारखं झालं, बटण दाबलं. मग पुन्हा नुसता बसून राहिलो. काचेतून ही दिसत होती. तिने मध्येच पदर तोंडाला लावला तेव्हा समजलं, खटके चालूच आहेत.

बाहेर येऊन डॉक्टरांना विचारलं, "तुमचं यंत्र बिघडलेलं नाही ना?" त्यांना लेखाचं माहीत नव्हतं, त्यांनी गंभीरपणे 'नाही' म्हटलं. छापखान्याने बरंच खाल्लं, वयाने उरलेलं. कानात घालायचं यंत्र मिळेल, त्याने काही येईल, काही येणार नाही. बाळाचं रडणं? माझ्याआधी हिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, जवळ असलं तर बहुधा. लांबचं सांगता येत नाही.

खुलासा कालच लिहून दिला होता: यंत्र बरोबर होतं, साक्षीदार बहिरा होता. संपादकांनी 'बहिरा' खोडून 'अनवधानाने चूक' असं केलं आणि आतल्या पानावर छापलं, उरलेल्या फटाक्यांवर सूट अशा जाहिरातीखाली. 'दणक्या'वर आता बंदी आली आहे. सगळा माल खपल्यावर.

नोकरीचं काय, असं सगळे हळूच विचारतात. म्हणजे आता मोठ्याने विचारतात. त्याची काळजी आहे असं मीही सांगतो. बोलायला सोयीचं पडतं.

मुलगी उद्या परत जाणार. आज तिने नातीला माझ्या मांडीवर दिलं, पण स्वतः शेजारून हलली नाही. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर बाळ दिलंच नसतं.

नात अजून बोलत नाही. पुढच्या सणापर्यंत बोलायला लागेल. कधीतरी पाठीमागून मला हाक मारेल आणि मी वळणार नाही. पुन्हा मारेल, तरी वळणार नाही. मग हाक मारायचं सोडून देईल, आणि तिने कधी हाक मारली होती हे मला कळणारही नाही. मला त्याची भीती वाटते.